बिनफौजेच्या देशात
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या चिटणीसबाईंनी मला गाठून सांगितले, "तुम्ही परदेश पाहून आलात, तेव्हा वर्धापनदिनाला अर्धा तास बोला." मी पुष्कळ टाळाटाळ केली. मी काही लंडन-पॅरिस पाहून आलेली नव्हे. जिथे गेले त्या देशाचे नाव सांगितले की, "तो आफ्रिकेत का हो?" असे विचारणारी माणसे आमच्या घरातच निघाली. पण बाई ऐकेनात. तेव्हा जे पाहिले, ऐकले आणि खाल्ले, ते जसे आठवेल तसे सांगते. गोड मानून घ्या.

तो देश म्हणजे कोस्टा रिका. उत्तर अमेरिका आणि दक्षिण अमेरिका यांना जोडणारी जी चिंचोळी पट्टी नकाशात दिसते, तिच्यावर सात लहान लहान देश आहेत, त्यांतला हा एक. वरच्या अंगाला निकाराग्वा, खालच्या अंगाला पनामा, एका हाताला पॅसिफिक महासागर, दुसऱ्या हाताला कॅरिबियन. क्षेत्रफळ ५१,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्रात असे सहा देश बसतील. लोकसंख्या पन्नास लाखांच्या आसपास. नावाचा अर्थ 'श्रीमंत किनारा'. कोलंबस १५०२ साली आपल्या चौथ्या सफरीत या किनाऱ्याला लागला. पुढे सोन्याच्या आशेने स्पॅनिश लोक आले, आणि सोने काही फारसे निघाले नाही. १७१९ साली तिथल्या गव्हर्नरानेच लिहून ठेवले आहे की, अमेरिकेतल्या साऱ्या स्पॅनिश वसाहतींत ही सर्वांत दरिद्री. आपल्याकडे नाही का, नाव सोनूबाई!

मी गेले ती हौसेने नव्हे, बाळंतपणाला. माझी भाची तिथल्या शांतता विद्यापीठात शिकायला गेली होती. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावाने १९८० साली स्थापन झालेले हे विद्यापीठ राजधानीजवळ आहे. शिकून ती तिथेच नोकरीला राहिली, तिथेच तिचा संसार मांडला. माझी बहीण आता या जगात नाही. मग पहिलटकरणीपाशी जायचे कोणी? मावशीने! म्हणून २०१९ च्या जुलैत मी डिंकाचे लाडू आणि अळिवाची पुरचुंडी घेऊन, दोन विमाने बदलून सान होसेला उतरले आणि सप्टेंबरअखेरपर्यंत राहिले. इकडे रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा तिकडे सकाळचे दहा. पहिले आठ दिवस मला स्वयंपाक केव्हा आणि झोप केव्हा, हेच उमगेना.

सान होसे ही राजधानी. चहूंकडून डोंगर आणि मध्ये परातीसारख्या खोऱ्यात शहर. समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरांवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षा जरा खाली. अक्षांश मात्र कोचीनचे. त्यामुळे हवा अशी की पंखाही नको आणि शालही नको. सकाळी लख्ख ऊन, दुपारी दोन वाजले की ढग उतरायचे आणि मुसळधार पाऊस. वाळत घातलेले बाळंतविडे मी रोज धावत जाऊन काढत असे. आणि मौज अशी की जुलै-ऑगस्टला ते लोक 'हिवाळा' म्हणतात. पाऊस म्हणजे हिवाळा, कोरडे दिवस म्हणजे उन्हाळा, ऋतू दोनच.

शहर पहिल्या दृष्टीला मनात भरले नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. भूकंपाच्या धास्तीने बसकी बांधलेली घरे, पत्र्याची छपरे, आणि प्रत्येक घराला पुढून गजांचे जाळे. काही भिंतींवर काटेरी तारांची वेटोळी. मी भाचीला म्हटले, "शांततेचे विद्यापीठ ज्या देशात, तिथे घराला एवढी कुलपे?" ती म्हणाली, "मावशी, फौज नाही म्हणजे चोर नाहीत असे थोडेच आहे?" चोरच काय, पुढे २०२३ साली तिथे खुनांची संख्या नऊशेच्या घरात गेली, इतकी ती पूर्वी कधीच झाली नव्हती. अमली पदार्थांच्या टोळ्यांचे हे पाप. तेव्हा मी कुठल्या स्वर्गाचे वर्णन करायला उभी राहिले आहे असे कोणी समजू नये.

आणि तिथले पत्ते! घराला नंबर असला तरी त्याला कोणी विचारीत नाही. अमक्या देवळापासून दोनशे मीटर दक्षिणेला, पन्नास पूर्वेला, असा पत्ता. शंभर मीटर म्हणजे एक गल्ली, मग ती मोजून ऐंशी भरो की एकशेवीस. सान पेद्रो भागात 'जुन्या उंबरापासून' म्हणून पत्ते सांगतात. वडा-उंबराच्या जातीचे मोठे झाड तिथे होते, ते मूळ झाड जाऊन पुष्कळ वर्षे झाली, तरी पत्ता त्याच्यावरून चालूच. बसच्या एका मोठ्या तळाला 'कोका-कोला' म्हणतात, कारण एके काळी तिथे त्या पेयाचा कारखाना होता. मला हे ऐकून मुळीच नवल वाटले नाही. आपल्या गावात पाडलेल्या थिएटराच्या नावाने अजून रिक्षा थांबतातच की!

आता माणसांविषयी. तिथे कोणाच्या दारी गेले की कडी वाजवायची नाही, घंटा दाबायची नाही. फाटकाबाहेर उभे राहून "ऊपे!" अशी हाळी द्यायची. ग्वादालूपेच्या मातेचे नाव घेऊन पूर्वी दारात हाक घालत, त्या नावाचे हे शेवटचे शेपूट, असे सांगतात. आपल्या "आहे का कोणी घरात?"ची सख्खी बहीणच ती. दुसरे म्हणजे, स्पॅनिश भाषेत आपल्यासारखे 'तू' आणि 'आपण' असे दोन प्रकार आहेत. पण हे लोक आदरार्थी 'उस्तेद' सर्वांना लावतात. नवरा बायकोला, आई मुलाला, इतकेच काय, शेजारच्या आजीबाई आपल्या कुत्र्यालाही "अहो, इकडे या, बसा" म्हणत. मी पोट धरून हसले. मग मनात आले, आपण नवऱ्याला अहो म्हणत जन्म काढला, पण उलट अहो किती जणींना मिळाले?

या आजीबाई म्हणजे ऐंशीच्या घरातल्या. 'दोन्या' म्हणजे आपल्याकडचे 'बाई'. आम्ही त्यांना नुसते दोन्याच म्हणत असू. त्यांना मराठी येत नव्हते, मला स्पॅनिश येत नव्हते, आणि आमचे कुठे अडले नाही. स्वयंपाकघरात बायकांना भाषा फारशी लागत नाही.

न्याहारीला पहिल्याच दिवशी भाचीने सांगितले, "गायो पिंतो करू का? म्हणजे ठिपक्यांचा कोंबडा." मी पान सरकवणार तोच कळले की कोंबडा नावापुरताच. शिळा भात आणि काळ्या घेवड्याची उसळ कांदा-कोथिंबिरीवर परतायची, पांढऱ्यावर काळे ठिपके दिसतात म्हणून हे नाव. म्हणजे आपला फोडणीचा भातच, बिनहळदीचा. दुपारच्या ताटाला 'कासादो' म्हणतात, अर्थ 'लग्न झालेला'. भात, घेवडा, कोशिंबीर, तळलेले राजेळी केळे, असे सारे एका ताटात सुखाने नांदते. मक्याची भाकरी असते, पण हातावर लहान थापलेली. तिखट मात्र नाही. मिरची मूळची त्या बाजूच्या मुलखातली, पोर्तुगीजांनी ती आपल्याकडे आणली. आणि हे लोक तिच्या माहेरघराशेजारी राहून मिळमिळीत खातात! पेरू, पपई, अननस, चिकू, मका, सारी आपली रोजची मंडळी त्याच खंडातली. सेंत्राल बाजारात गेले तेव्हा परक्या देशात आल्यासारखे वाटलेच नाही. एक मात्र नवे पाहिले, 'पेहिबाये' नावाच्या ताडाची केशरी फळे. मोठ्या पातेल्यात मिठाच्या पाण्यात उकडून विकतात. चव कशी म्हणाल तर फणसाच्या उकडलेल्या आठळीसारखी.

पण मला जिंकले ते 'आग्वा दुल्से'ने. दोन्यांनी पहिल्या भेटीला वाफाळलेला पेला पुढे केला. मी घोट घेतला आणि चमकलेच. गूळपाणी! अक्षरशः गूळपाणी, फक्त गरम. गुळाची लहानशी ढेप, पालथ्या फुलपात्रासारखी, वाण्याकडे मिळते. ती फोडून कढत पाण्यात विरघळवायची की झाले. पाहुण्याला, आजाऱ्याला, बाळंतिणीला, सर्वांना तेच. मी भाचीकरवी दोन्यांना सांगितले की आमच्याकडे उन्हातून आलेल्याला गुळाचा खडा आणि पाणी देतात. त्या उठल्या, त्यांनी माझा गालगुच्चा घेतला आणि पुढच्या रविवारी मला डोंगरातल्या आपल्या माहेरच्या गावी घेऊन गेल्या. तिथे बैलांचा चरक, काहील, चुलाण, वरची मळी काढणारा म्हातारा, सारे आपले गुऱ्हाळच. त्याला तिथे 'त्रापिचे' म्हणतात. फरक एवढाच की रस साच्यांत ओततात आणि साचे लाकडाचे. मी उसाच्या मुलखातली. मला तर त्या वासाने रडूच आले.

कॉफीची कथा मी थोडक्यात सांगते. या देशाला वर आणले ते कॉफीने. गेल्याच्या गेल्या शतकात इथली कॉफी बैलगाड्यांतून दहा-पंधरा दिवसांची वाट तुडवीत पॅसिफिकच्या बंदरावर जात असे. त्या गाड्या आजही सार्ची गावात बनतात आणि रंगवतात. चाकाला आरे नसतात. लाकडाच्या सोळा पाचरी जुळवून वर लोखंडी धाव चढवतात. चाकावर, साट्यावर लाल-केशरी-निळी अशी नक्षी की वाटावे गाडीने रांगोळीच अंगावर घातली. पूर्वी नक्षीवरून गाडी कोणत्या भागातली ते ओळखत. लोखंडी कडे चाकाच्या तुंब्यावर आपटून प्रत्येक गाडीचा वेगळा नाद निघतो, त्याला 'गाडीचे गाणे' म्हणतात. घरची गाडी आली हे बायकांना नादावरून आधीच कळायचे. आपल्याकडे घुंगरांवरून कळायचे तसेच.

कॉफीच्याच पैशांतून, म्हणजे तिच्यावर निर्यातकर बसवून, सान होसेत राष्ट्रीय नाट्यगृह बांधले, ते १८९७ साली उघडले. संगमरवर, सोनेरी मुलामा, सारे काही इटलीच्या धर्तीवर. छताला एक मोठे चित्र आहे, कॉफी आणि केळी यांचे. चित्रकार मिलानचा, आलेआर्दो व्हिल्ला. त्या गृहस्थाने हा देश डोळ्यांनी पाहिलाच नव्हता. त्यामुळे डोंगरावर होणारी कॉफी त्याने समुद्रकाठी तोडताना दाखवली, आणि मधल्या माणसाच्या हातात केळीचा लोंगर असा दिला आहे की ज्याने जन्मात एकदाही केळी उतरवली आहे तो तसा धरणार नाही. हेच चित्र पुढे त्यांच्या पाच कोलोनच्या नोटेवर छापले. चूक असली तरी देखणी आहे, असे म्हणून ते लोक हसतात. मला हा स्वभाव आवडला.

इरासू नावाच्या ज्वालामुखीवर गेलो. उंची ३,४३२ मीटर. आकाश स्वच्छ असेल तर दोन्ही समुद्र दिसतात म्हणे. मला दिसले ते धुके. पण दोन्यांनी सांगितले की १९६३ च्या मार्चमध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी सान होसेला आले असतानाच हा डोंगर फुटला आणि पुढे जवळजवळ दोन वर्षे शहरावर राख पडत होती. बायका छत्री घेऊन आणि तोंडाला रुमाल बांधून बाजारात जात, आणि पुरुष छपरे झाडत, नाहीतर ती राखेच्या भाराने खाली यायची. वाळत घातलेल्या कपड्यांचे काय होत असेल, हा प्रश्न मी पहिला विचारला. दोन्या म्हणाल्या, "ते घरातच वाळत. दोन वर्षे घरात दोऱ्याच दोऱ्या."

आता कार्तागोची यात्रा. ही मात्र सावकाश सांगते. कार्तागो ही १८२३ पर्यंतची राजधानी, सान होसेपासून बावीस किलोमीटरांवर. तिथे देवदूतांच्या मातेचे मंदिर आहे. मूर्ती काळसर दगडाची, वीतभर. कथा अशी : १६३५ साली हुआना पेरेइरा नावाच्या गरीब मुलीला रानात सरपण गोळा करताना ही बाहुली एका खडकावर सापडली. तिने ती घरी नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी पाहते तो बाहुली पुन्हा त्याच खडकावर! पुन्हा नेली, पुन्हा तेच. मग लोकांनी ओळखले, हिला इथेच राहायचे आहे, आणि तिथेच देऊळ बांधले. बायांनो, अशी कथा आपल्याकडे कितीतरी गावच्या देवीची सांगतात. मी ऐकताना पुढचे वाक्य आधीच सांगितले, तर दोन्या माझ्याकडे संशयाने पाहू लागल्या की हिला कोणी सांगितले!

दर २ ऑगस्टला देशभरातून लाखो लोक पायी तिथे जातात. आम्ही आदल्या रात्री निघालो. मी आणि दोन्या सबंध वाट चालण्याच्या वयाच्या नव्हतो. भाचीच्या यजमानांनी आम्हाला ओचोमोगोच्या खिंडीपर्यंत मोटारीने सोडले आणि शेवटचा उतार आम्ही चाललो. त्या खिंडीवर पडलेल्या पावसाचे अर्धे पाणी पॅसिफिकला जाते, अर्धे कॅरिबियनला. आपल्या सह्याद्रीच्या माथ्यासारखेच. रस्ता माणसांनी फुललेला. रोझरीचा जप करणाऱ्या म्हाताऱ्या, गाणी म्हणणारी तरुण पोरे, खांद्यावर झोपलेली मुले. वाटेत पाणी आणि संत्री वाटणारे लोक, पायांचे फोड बांधायला रेड क्रॉसचे तंबू. नुसते टाळ नव्हते, एवढेच. देवळात शिरल्यावर पुष्कळ जण दारापासून गाभाऱ्यापर्यंत गुडघ्यांवर जातात. मागे एका भिंतीशी नवसाचे चांदीचे लहान लहान हात, पाय, डोळे, काळजे टांगलेली. मुंबईला वांद्र्याच्या मोतमाउलीला मेणाचे वाहतात तसे. शेजारी झरा, त्याचे तीर्थ बाटल्यांत भरून घेतात. मीही भरले. भाचीच्या सुखरूप सुटकेसाठी मी गणपतीला बोललेच होते, इथेही हात जोडले. दोन्यांनी तिथे एक मेणबत्ती लावली. कोणासाठी, ते मी विचारले नाही. ते मला पुढे कळले.

भाची १३ ऑगस्टला सुखरूप बाळंत झाली, मुलगी. तिसऱ्या दिवशी, १५ ऑगस्टला, तिथे मातृदिनाची सरकारी सुट्टी असते. आमच्याकडे स्वातंत्र्यदिन, त्यांच्याकडे आईचा दिवस. दोन्या गूळपाण्याचा थर्मास घेऊन आल्या, मी डिंकाचा लाडू पुढे केला, आणि दोघींनी बाळंतिणीला काय द्यावे आणि काय देऊ नये यावर भाची झोपी जाईपर्यंत खुणांनी वाद घातला.

घरकामाला एक बाई येत असे, निकाराग्वाची. सान होसेतल्या कितीतरी घरांत कामाला त्याच देशातल्या बाया आहेत. तिकडे २०१८ च्या एप्रिलात दंगे झाले, सरकारने गोळ्या घातल्या, आणि हजारो माणसे सरहद्द ओलांडून इकडे आली. ही आधीचीच होती. दोन मुले आईपाशी ठेवून आलेली. दर शनिवारी पैसे पाठवायची. आमच्या बाळाला पायांवर घेऊन तेल लावताना मी तिला शिकवले, दुसऱ्या दिवसापासून ती माझ्यापेक्षा छान लावू लागली. तिचा धाकटा ती निघाली तेव्हा आठ महिन्यांचा होता. इकडचे लोक सज्जन, पण निकाराग्वाच्या माणसाविषयी बोलताना त्यांचाही सूर जरा बदलतो. शांत देशाचे घर अशांत देशातली बाई झाडते, हे मी डोळ्यांनी पाहिले म्हणून सांगते.

आपले महिला मंडळ आहे तेव्हा तिथल्या बायकांचे दोन शब्द. १९१९ साली तिनोको नावाच्या हुकूमशहाविरुद्ध सान होसेच्या शिक्षिका रस्त्यावर उतरल्या आणि सरकारची तळी उचलणाऱ्या वृत्तपत्राची कचेरी जाळण्यापर्यंत मजल गेली. त्यांत कार्मेन लीरा ही लेखिकाही होती, मुलांच्या गोष्टींसाठी सर्वांना ठाऊक असलेली. १९४७ च्या २ ऑगस्टला निवडणुका चोख व्हाव्यात म्हणून हजारो बायकांनी मोर्चा नेला. मताचा हक्क त्यांना मिळाला १९४९ च्या घटनेने, आणि पहिले मत पडले ३० जुलै १९५० रोजी, ला तिग्रा नावाच्या खेड्यात. मत टाकणारीचे नाव बेर्नार्दा व्हास्केस. आपण पहिल्यांदा मते दिली १९५१-५२ साली, म्हणजे आपण साधारण बरोबरीच्याच. आपल्याकडे त्या वेळी काही प्रांतांत लाखो बायकांनी यादीत आपले नाव न देता 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' असे सांगितले आणि सुमारे अठ्ठावीस लाख नावे गळाली. बेर्नार्दाबाईंचे नाव मात्र देशाला पाठ आहे. २०१० साली लावरा चिंचिया त्या देशाच्या पहिल्या स्त्री-अध्यक्षा झाल्या.

१४ सप्टेंबरला संध्याकाळी सहा वाजता सगळीकडे एकदम राष्ट्रगीत लागते आणि शाळेची मुले घरी केलेले कागदी कंदील घेऊन रस्त्यावर येतात. कोणाचा चांदणीचा, कोणाचा घराचा, कोणाचा बैलगाडीचा. मला दिवाळीच वाटली. १८२१ साली स्वातंत्र्याची वार्ता ग्वातेमालाहून आली, त्याची ही आठवण. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिनाचे संचलन. रणगाडे नाहीत, तोफा नाहीत. शाळांची पथके, ताशे-नगारे, पांढरे हातमोजे घातलेल्या मुली, आणि कडेने पाण्याच्या बाटल्या घेऊन धावणाऱ्या आया.

आता ज्यासाठी मी खरे म्हणजे उभी राहिले ते सांगते. तुम्हांतल्या जुन्या बायकांना ठाऊक आहे, माझे थोरले बंधू १९७१ च्या डिसेंबरात सरहद्दीवर कामी आले. तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. आमच्या वहिनी इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांच्या परवानगीनेच बोलते.

निघण्याच्या आठवड्यात दोन्या, मी आणि झोळीत बाळ घेतलेली भाची, असे राष्ट्रीय संग्रहालय पाहावयास गेलो. पिवळी भिंत, कोपऱ्यांना बुरूज. ही पूर्वीची लष्कराची छावणी. बुरुजांवर गोळ्यांची भोके अजून तशीच ठेवली आहेत. १९४८ साली निवडणुकीच्या निकालावरून तिथे यादवी झाली, चव्वेचाळीस दिवस चालली, सुमारे दोन हजार माणसे मेली. जिंकले ते होसे फिगेरेस, एक शेतकरी. १ डिसेंबर १९४८ रोजी याच जागी त्यांनी हातात घण घेऊन भिंतीवर घाव घातला आणि जाहीर केले की आजपासून या देशाला फौज नाही. छावणीच्या किल्ल्या संग्रहालयासाठी दिल्या. पुढल्या वर्षीच्या घटनेत बारावे कलम घातले : कायमचे सैन्य रद्द. पोलीस आहेत, सैन्य नाही.

मी ते ऐकून भारावले आणि म्हटले, "केवढा मोठा माणूस!" भाचीने ते स्पॅनिशमध्ये सांगितले. दोन्या गप्प झाल्या. मग त्या भोकांपैकी एका भोकावर बोट ठेवून म्हणाल्या, "माझा भाऊ एकोणीस वर्षांचा होता. त्या वेळच्या सरकारने कामगारांना १९४१ साली विमा दिला होता, म्हणून तो सरकारच्या बाजूने लढला. त्याला ज्यांनी मारले त्यांचा पुढारी हाच मोठा माणूस."

मला काय बोलावे ते कळेना. कार्तागोची मेणबत्ती कोणाची ते तेव्हा कळले. थोड्या वेळाने मी माझ्या बंधूंचे सांगितले. त्यांनी विचारले, "शत्रू कोण होता?" मी म्हटले, "शेजारचा देश. पूर्वी आम्ही एकच होतो." त्या म्हणाल्या, "आमचा शत्रू पलीकडच्या गल्लीतला होता. त्याची आई आणि माझी आई एकाच चर्चमध्ये जात. युद्धानंतरही जात होत्या."

मी विचारले, "मग या फिगेरेसना तुम्ही क्षमा केलीत का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "पण मला तीन मुलगे झाले. त्यांतल्या एकालाही कोणी बोलावणे धाडले नाही."

बाळ रडू लागले म्हणून आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. मी पुष्कळ विचार केला, विमानातही तोच. आपल्याला हे जमेल का? मला नाही वाटत. त्या देशाचे बरेच सारे वेगळे आहे. सैन्य मोडून आठ-दहा दिवस होतात तोच निकाराग्वाच्या बाजूने हल्ला झाला. १९५५ साली पुन्हा झाला. दोन्ही वेळा अमेरिकेतल्या देशांची संघटना मध्ये पडली, आणि १९५५ साली तर संयुक्त संस्थानांनी त्यांना चार लढाऊ विमाने एकेका डॉलरला विकली. म्हणजे पाठीशी थोरला भाऊ होता. शिवाय फौजच नाही म्हटल्यावर फौजेचे बंडही नाही. शेजारच्या देशांत सेनापतींनी सरकारे उलथली, इथे ती पाळी आली नाही. फौजेचा पैसा शाळा-दवाखान्यांकडे वळला असे तिथले लोक अभिमानाने सांगतात, आणि दवाखाना तर मी स्वतः पाहिला. आपल्या सरहद्दी निराळ्या, आपला इतिहास निराळा. आपल्या जिल्ह्यात घरटी एक माणूस लष्करात. त्या माणसांच्या त्यागाला कमीपणा येईल असे एक अक्षर माझ्या तोंडून निघणार नाही. पण तो बुरूज पाहिला आणि ते बोट पाहिले, तेही मला विसरता येत नाही. दोन्ही माझ्याजवळ आहे, आणि त्यांची बेरीज मला करता येत नाही.

घरी आल्यावर मी हे सारे वहिनींना सांगितले. भीत भीतच सांगितले. वयाच्या बाविसाव्या वर्षापासून ज्यांनी त्या फोटोला रोज हार घातला, त्यांना हे कसे वाटेल? वहिनींनी तांदूळ निवडता निवडता सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "त्या आजीबाईंच्या आईला मुलाचे पेन्शन मिळाले का?"

मी ते विचारलेच नव्हते. रात्री भाचीला फोन केला, तिने दोन्यांना विचारले. दोन्यांचा निरोप आला : "नाही. हरलेल्यांना कुठले पेन्शन? आईने आयुष्यभर शिवणकाम केले." वहिनी म्हणाल्या, "तिला सांग, मीही शिवणकाम केले."

तेव्हापासून त्या दोघींचे चालू आहे. वहिनी मराठीत सांगतात, भाची मध्ये बसून स्पॅनिशमध्ये सांगते. काय बोलतात ते मला पूर्ण कळत नाही. मुख्यतः शिवणयंत्र आणि गुडघे.

मी सार्चीहून हातभर लांबीची एक रंगीत बैलगाडी आणली होती, ती वहिनींच्या बैठकीत फोटोखालच्या फळीवर ठेवली आहे. चाके खरोखर फिरतात. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी दुपारी चारनंतर यावे. गरम गूळपाणी मिळेल, वहिनी त्यात आले घालतात. त्याबद्दल दोन्यांनी आक्षेप कळवला आहे, पण वहिनी ऐकत नाहीत.